टॅब कोणाच्या हातून पडला

पुण्याला माझ्या मुलीच्या घरी कोणाच्या हातून ग्लास निसटला, भाजीचं भांडं लवंडलं, की सगळे एकदम म्हणतात, "आजीचे हात!" आणि हसतात. त्यात वाईट भाव नसतो. गेलेलं माणूस घरात बोलण्यात राहावं म्हणून लोक असं काहीतरी धरून ठेवतात. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मुलीशी फोनवर बोलत होतो. तिकडे काहीतरी फुटलं, नात ओरडली, "आजीचे हात!" आणि मुलगी हसत मला म्हणाली, "आयकलं का बाबा? तुमची नात आजीवर गेली."

मीही हसलो. फोन ठेवल्यावर कूलरसमोर नुसता बसून राहिलो.

आजी म्हणजे माझी बायको. तिला जाऊन हा दुसरा उन्हाळा. आमच्या एवढ्या संसारात तिच्या हातून फार थोड्या वस्तू फुटल्या. आणि ज्या वस्तूमुळे तिचं हे नाव पडलं, ती तर तिच्या हातून फुटलीच नव्हती. ती मी फोडली. हे मला माहीत होतं आणि तिला माहीत होतं. तिसऱ्या कोणालाच नाही.

मी कोराडीच्या वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. दाब, तापमान, पाण्याची पातळी दाखवणारी मीटरं नीट ठेवणं हे आमचं काम. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि जरीपटक्याच्या पलीकडे एका लेआउटमध्ये प्लॉट घेऊन घर बांधलं. मुलगी तोवर पुण्याला गेली होती. तिला मुलगी झाली तेव्हा तिने आईसाठी एक टॅब पाठवला. मोठ्या स्क्रीनवर आईला चष्मा न शोधता नात दिसावी म्हणून.

संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी त्यांचा व्हिडिओ कॉल चाले. बायको टॅब ओट्यावर पोह्याच्या डब्याला टेकवून ठेवी आणि भाजी निवडता निवडता बोले. मला त्यात फारशी जागा नव्हती. "हे पाह्य, तुझे आबा," म्हणून ती एकदा टॅब माझ्याकडे फिरवी, मी हात हलवी, की टॅब पुन्हा तिकडे. मग पुढच्या खोलीत बसून मी त्या दोघींचं हसणं ऐकत असे.

तिचा उजवा हात तेव्हा जरासा कापायला लागला होता. डॉक्टरांनी गोळी दिली होती आणि काळजीसारखं काही नाही असं सांगितलं होतं. हात कापू लागला की ती मनगट ओट्याच्या कडेला टेकवी आणि काम पुढे चालू. कांदा पहिल्यासारखाच बारीक चिरला जाई.

त्या दिवशी मी पाणी प्यायला आत गेलो तर ती माझीच गोष्ट सांगत होती. "अवं, तुझे बाबा गाडी बाजारात विसरून पायी घरी आले! आन मले म्हणतात, गाडी चोरीले गेली. चौकीत निघाले होते. तेवढ्यात भाजीवाल्याचा फोन. काका, गाडी हटवता का, मले माल उतरवाचा हाये!"

तिकडे मुलगी हसत होती. गोष्ट खरी होती आणि हसण्यासारखीच होती. पण मला ती दिवसभर आतून खात होती. गाडी कुठे लावली हे खरोखरच मला आठवलं नव्हतं. भाजीवाल्याचा फोन आल्यावरही आठवलं नव्हतं.

"बंद कर ते," मी म्हटलं.

"थांबा न. सांगू द्या न तिले पुरतं."

मी डब्याच्या मागच्या बाजूला उभा होतो. उलट्या हाताने डब्याला फटका मारला. डबा आणि टॅब दोन्ही खाली गेले. टॅब आधी ओट्याच्या कडेवर आपटला, मग फरशीवर पालथा पडला. पोहे सगळीकडे झाले.

लगेच माझा मोबाईल वाजला. "बाबा, काय झालं? एवढा मोठा आवाज आला, मंग काळंच झालं सगळं."

"काही नाही. टॅब पडला," मी म्हणालो. "आईच्या हातून."

केंद्रात एखादं युनिट बंद पडलं की पहिला प्रश्न असे, चूक कोणाची? बऱ्याचदा उत्तर ठरलेलं असे, मीटर चुकीचं दाखवत होतं. मीटर उलटून बोलत नाही, म्हणून ते सगळ्यांना सोयीचं. आमच्या विभागाने हे ऐकून घेत दिवस काढले, आणि मी घरी येऊन त्यावर चिडत असे. बायको ऐकून घेत असे. त्या संध्याकाळी मी तेच केलं, आणि ते कोणाला शिकवावं लागलं नाही.

ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ओरडेल. ती खाली बसली आणि पोहे गोळा करू लागली. काही बोलली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. का बोलली नाही, हे मी कधी विचारलं नाही.

"मी म्हणतच होती," मुलगी फोनवर म्हणाली. "तिच्या हातात आता ताकद नाही राहिली. बाबा, आईले गॅसजवळ जाऊ देऊ नका. गरम काही उचलू देऊ नका. मले वचन द्या."

मी वचन दिलं.

त्यानंतर एकेक गोष्ट तिच्या हातून गेली. स्वयंपाकाला बाई लावली. शिलाई मशीन, सुई बोटात जाईल म्हणून, तिच्या भाचीला देऊन टाकली. विळी वर माळ्यावर गेली. नवीन टॅब घ्यायचा विषय निघाला तेव्हा मुलगीच म्हणाली, "काय फायदा? तोही पाडंल ती." मग बायको माझ्या मोबाईलवर बोलू लागली. मोबाईल मी धरून बसत असे. माझ्यासमोर ती "बरं हाये, तू जेवली का," एवढंच बोले.

आमच्या विहारात बुद्ध पौर्णिमेला खीरदान असतं. खिरीचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर चढला की तो ढवळायचं काम कितीतरी वर्षं तिच्याकडे होतं. खीर बुडाला लागू न देणं सोपं नसतं. त्या वर्षी बायांनी तिला खुर्ची दिली. "वहिनी, तुम्ही फक्त सांगा. आम्ही करतो." पांढरी साडी नेसून ती खुर्चीवर बसली होती. मी पुरुषांमध्ये पाण्याच्या पिंपापाशी उभा होतो आणि तिच्याकडे बघणं टाळत होतो.

एकदा तिने विचारलं, "तुमी तर एवढ्या मोठ्या मशिनीचे मीटर दुरुस्त केले. हे एवढंसं होत नाही का तुमच्यानं?"

"पाहू," मी म्हणालो. होत होतं. डिस्प्ले बदलणं मला जड नव्हतं. पण टॅब सुरू झाला असता तर तो पुन्हा पोह्याच्या डब्याला टेकला असता, मी पुढच्या खोलीत गेलो असतो आणि ती मुलीला जे सांगायचं ते सांगू शकली असती. टॅब उशीच्या खोळीत गुंडाळून कपाटात राहिला.

आणखी एक दुपार. मी जेवून पडलो होतो. जाग आली तर ती समोर उभी, दोन्ही हातांत चहाचे दोन कप, बशीशिवाय, अगदी काठोकाठ भरलेले. स्वयंपाकघरापासून ती तशी चालत आली होती. फरशीवर थेंब नव्हता. तिने माझा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "घ्या."

मी कप उचलला, आणि विचारलं, "गॅस बंद केला न?"

ती आत निघून गेली. त्यानंतरच्या थंडीत ती झोपेतच गेली. हृदय थांबलं. हाताशी त्याचा काही संबंध नव्हता.

"आजीचे हात" ऐकल्यावर मी दुसऱ्या दिवशी टॅब काढला आणि जरीपटक्याच्या बाजारात मोबाईलच्या सुट्या भागांच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने तो उलटापालटा करून पाहिला.

"अंकल, ये माल तो अब आता ही नहीं. नया ले लो."

"नवा नको. याचाच डिस्प्ले पाहिजे. टचसकट."

"लगाएगा कौन?"

"मी लावतो."

"अंकल, बम तो नहीं बना रहे ना घर पे?" तो हसला, बाजूचे दोघेही हसले. मग त्याने विचारलं, "किसका है? पोते का?"

"बायकोचा."

"तो आंटी को ले आओ ना! मैं उनको नया पसंद करवा देता हूँ."

मी आगाऊ पैसे काउंटरवर ठेवले. दिल्लीहून माल मागवतो, असं तो म्हणाला. तो येईपर्यंत मी रोज संध्याकाळी मुलीशी मोबाईलवर बोलत होतो, आणि रोज ठरवत होतो की हे सांगायचं ते तिच्या आईच्या जागेवरूनच, त्याच टॅबवरून. खरं म्हणजे मी दिवस ढकलत होतो. दिवसभरात मला एकच माणूस फोन करतं, आणि ते माणूस म्हणजे माझी मुलगी. हे ऐकल्यावर ती फोन करेल की नाही, हे मला माहीत नव्हतं.

डिस्प्ले आला तेव्हा ओट्याजवळच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली, स्क्रू हरवू नयेत म्हणून. फुटलेल्या काचेवर सेलोटेप चिकटवली, म्हणजे कण उडणार नाहीत. एका जुन्या प्लास्टिक कार्डाने मागचं झाकण कडेकडेने सोडवलं आणि सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी काढली. ती काढली आणि हात आपोआप खिशाकडे गेला. केंद्रात कुठल्याही यंत्रावर काम सुरू करण्याआधी त्याची वीज तोडायची आणि तिथे लाल चिठ्ठी बांधायची, खाली आपली सही. नियम असा की ज्याने चिठ्ठी बांधली त्यानेच ती सोडायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मग तो साहेब का असेना. एकदा मी एका पंपावरची चिठ्ठी सोडायला विसरून घरी आलो, तर मला भरल्या ताटावरून उठवून न्यायला जीप आली होती. पंप सुरू करायला सगळे उभे होते, पण चिठ्ठीला कोणी शिवलं नव्हतं.

मी एका कागदावर लिहिलं, 'काम चालू आहे, सुरू करू नये,' सही केली आणि तो कागद टॅबजवळ ठेवला. तेवढ्यात शेजारच्या बाई वाटीत भाजी घेऊन आल्या. माझ्या बायकोच्या विहारातल्या सोबतीण. हल्ली खिरीचा गंज त्याच सांभाळतात.

"जयभीम भाऊजी. काय करून राहिले हे?" त्यांनी कागद वाचला. "आन हे कोणासाठी लिहून ठेवलं? घरात तर तुमी एकटेच. मांजरीसाठी का?"

"सवय आहे," मी म्हणालो.

"वहिनीचा टॅब न हा? तिच्या हातून पडला तोच?"

मी हो अशी मान हलवली. तोंडाने नाही म्हणता आलं असतं. त्या वाटी ठेवून गेल्या.

मुलगी कॉलेजात असताना केस वाळवायचं मशीन वापरायची, ते अजून कपाटात होतं. त्याची गरम हवा काचेच्या कडांवर फिरवत गेलो तशी जुन्या गोंदाची पकड सुटली आणि फुटका डिस्प्ले वर आला. त्याची वायर कागदाच्या पट्टीसारखी चपटी असते आणि तिचं टोक एका बारीक खाचेत जातं. जुनी काढली. नवी बसेना. चष्मा पुसला, तरी बसेना. माझी बोटं थरथरत होती. शेवटी मी पोह्याचा डबा ओढून घेतला, त्याच्या कडेवर मनगट टेकवलं, जसं ती टेकवायची तसं, आणि पट्टी सरकन आत गेली.

बॅटरी जोडली, चार्जर लावला. स्क्रीन उजळली. मोठमोठी अक्षरं आली, ती वापरायची तेवढी मोठी. मी गोंद लावला, कडा दाबून रबरबँड गुंडाळले आणि माझ्या सहीचा तो कागद फाडून टाकला. मग टॅबचं अपडेट सुरू झालं, त्यात ती संध्याकाळ गेली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टॅब पोह्याच्या डब्याला टेकवला आणि मुलीला व्हिडिओ कॉल लावला. तिने लगेच उचलला. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा? तुमी हाये का?" ती रडायला लागली. "मोबाईलवर 'आई' असं आलं न. आईचा फोटो आला. तुमी काहून असं केलं? सांगून तरी लावाचा."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टॅबवर खातं तिच्या आईचं होतं. कॉल तिच्या आईचाच गेला होता.

मी माफी मागितली आणि, पुन्हा माघार घेऊ नये म्हणून, तिचे डोळे पुसून व्हायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. गाडीची गोष्ट, डब्याला मारलेला फटका, फोनवर बोललेलं वाक्य. सगळं सांगायला फार वेळ लागला नाही.

डोळे पुसायला उचललेला तिचा हात गालावरच राहिला. मला वाटलं नेट गेलं.

"गॅसजवळ जाऊ देऊ नका, असं मी म्हटलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मशीन मी द्यायला लावली."

"हो."

"नवीन घेतला तर तोही पाडंल, असंही मीच म्हटलं. ती तिथंच बसून होती न तवा? तिनं आयकलं न?"

"हो."

"आन तुमीही तिथंच बसून होते."

मी हो म्हणायच्या आधी तिने कॉल तोडला. स्क्रीनवर माझाच चेहरा उरला होता.

त्यानंतर संध्याकाळी फोन आला नाही. मी केला नाही. टॅब चार्ज करून ओट्यावर ठेवत होतो आणि पुढच्या खोलीत बसत होतो. कूलरच्या आवाजात वाजलेलं ऐकू येणार नाही म्हणून कूलर बंद ठेवत होतो. घरात घामाने अंग भिजे. पोळ्यावाली बाई म्हणाली, "काका, बिमार पडान. कूलर काहून बंद?" मी म्हणालो, आवाज सहन होत नाही.

पौर्णिमा जवळ आली होती. विहारात तांदूळ निवडायला बाया बसल्या होत्या. मी शेजारच्या बाईंना बाजूला बोलावलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांच्या हातात सूप होतं. त्या खडे वेचत ऐकत राहिल्या.

"त्या वर्षी तिनं मले चमचा मागतला होता," त्या म्हणाल्या. "थोडा वेळ दे न वं, म्हणे. मी म्हटलं, बस तू, सांडवशीन." त्यांनी सुपातला एक खडा बाहेर टाकला. "तुमी पाण्यापाशी उभे होते. मले आठवते."

मग त्या सूप घेऊन बायांमध्ये जाऊन बसल्या. भाजीची वाटी त्यानंतर आली नाही. त्यांची मागची वाटी मी धुऊन त्यांच्या ओसरीवर ठेवून आलो.

पौर्णिमा होऊन गेल्यावर एका संध्याकाळी टॅब वाजला. मी आत पोहोचेपर्यंत बंद होईल अशी भीती वाटली, पण वाजत राहिला. मुलगी होती. ती कांदा चिरत होती आणि खाली बघूनच बोलत होती.

"जेवले का?"

"अजून नाही."

"गोळ्या हाये का?"

"आहेत."

थोडा वेळ सुरीचाच आवाज आला. मग ती म्हणाली, "पोरीले सांगितलं मी. सगळं. आता घरात काही पडलं तर आजीचं नाव घ्याचं नाही."

तिच्या मागून नात आली आणि स्क्रीनमध्ये डोकावली. पुण्यात वाढलेली पोर, तिचं बोलणं वेगळं. "मग काय म्हणायचं, आबा?" तिने विचारलं. "काही पडलं की काहीतरी म्हणायला पाहिजे ना."

मुलीची सुरी थांबली.

"आबांचे हात, असं म्हण," मी म्हणालो.

नातीने ते म्हणून पाहिलं. "आबांचे हात!" तिला ते आवडलं असावं, ती हसत हसत दुसऱ्या खोलीत ओरडत गेली. मुलगी हसली नाही. तिने पहिल्यांदा वर, माझ्याकडे पाहिलं. तिची आई पोहे गोळा करायला बसण्याआधी माझ्याकडे असंच बघत होती.

"ठेवते," ती म्हणाली. "कूलर लावा. घाम दिसून राहिला."

मी कूलर लावला. टॅब अजून पोह्याच्या डब्यालाच टेकलेला असतो. फोन रोज येत नाही, कधीकधी येतो, आणि थोडक्यात संपतो. पुण्याला आता कोणाच्या हातून काही पडलं की माझं नाव निघतं. इथे मला ते ऐकू येत नाही.